रोझारियाबाईंचा शब्द

बारा वर्षं जर्सी सिटीतल्या इटालियन म्हाताऱ्यांच्या पाठी सांभाळता सांभाळता नागपूरच्या नीलांबरीच्या तोंडी त्यांची भाषा रुळली. म्हणून पाठदुखीची प्रश्नावली इटालियनमध्ये आणायचं काम त्या फिजिओथेरपिस्टकडेच आलं. मसुद्यातल्या, इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेल्या एका प्रश्नावर सगळेच पेशंट अडखळत. तो तिने ऐंशीच्या रोझारियाबाईंना वाचून दाखवला.

"काळजीचे विचार मनातून जातात का?"



"जात नाहीत गं," रोझारियाबाई झोपेत बोलावं तशा म्हणाल्या. "येऊन बसतात. पुन्हा चालेन का, हाच एक."

नीलांबरीने 'मनातून जातात' खोडून 'मनात येऊन बसतात' लिहिलं. रोझारियाबाईंनी 'हो'वर खूण केली. पुढच्या नऊ पेशंटांनी तिथे न थांबता उत्तर दिलं.