विहिणीच्या पंगतीतून मी का उठले

"तुमच्या घशात गाठ नाही, ताई. तुम्हाला जेवायची भीती वाटते," नगरच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या.

मला हसूच आलं. श्रीरामपुरात माझी खानावळ आहे. दोन्ही वेळेला माणसं जेवू घालणाऱ्या बाईला जेवायची कसली भीती?

तेवढ्यात सिस्टर फाईल घेऊन माझ्या खुर्चीमागून गेल्या आणि माझा हात आपोआप मानेवर गेला. डॉक्टरांनी ते पाहिलं.

"मागून कोण मारायचं?"

पन्नाशी ओलांडली तरी हे मला कोणी विचारलं नव्हतं.

त्रास सुरू झाला तो मुलाच्या लग्नानंतर. आधी भाकरीचा घास अडकायचा, मग भात, शेवटी पातळ खिचडीसुद्धा. ब्लाउज ढगळ झाले. मी कॅन्सर धरूनच चालले होते. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका पाहिली. बेरियम स्वॅलो झालं. त्यात खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजतात आणि गिळताना एक्स-रे काढतात. बाकावर बसून बसून कंबर धरली. रिपोर्ट सगळे चांगले आले. घशाच्या डॉक्टरांनी या डॉक्टरांकडे पाठवलं, तेव्हा रागच आला होता. मी काय वेडी आहे?

लग्न जामखेडला सुनेच्या माहेरी होतं. मुलाची आई म्हणून मला विहिणीच्या पंगतीत बसणं भाग होतं. ताटाभोवती रांगोळी, गाणी म्हणणाऱ्या बायका. सुनेची आई पुरणपोळी घेऊन माझ्या मागून आली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घ्या विहीणबाई, लाजू नका."

मी ताट लोटलं, उठले, मांडवाबाहेर गेले आणि आमच्या टेम्पोत जाऊन बसले.

"लई मोठ्या घरच्या तुमी! आमच्या हातचं चालंना व्हय?" विहीणबाईंचा आवाज टेम्पोपर्यंत आला.

अपमान झाला तो झालाच. सून पहिल्या दिवाळीला माहेरी गेली ती राहिलीच. मुलगा एसटीने जायचा आणि एकटाच परत यायचा. माझ्या एका उठण्याने त्याचा संसार उठायची वेळ आली, आणि का उठले ते मलाही सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांना सांगता सांगता ते सापडलं. वडील गेल्यावर आईने मला शिकायला मामाकडे ठेवलं. मामा जेवताना आम्हा पोरांच्या मागून फिरायचा. सांडलं की मानेवर पळी. दुसरी भाकरी मागितली की पळी. कधी काहीच न करता पळी. शेजारी म्हणायचे, मामा शिस्तीचा आहे. मीही तेच म्हणत आले.

या आजाराला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात. मार थांबून वर्षं उलटली तरी शरीर अजून मार चुकवत असतं. मी आयुष्यभर पंगत चुकवली. कोणाच्याही लग्नात पदर खोचून वाढायला उभी. लोक कौतुक करायचे, बाई कष्टाळू आहे. घरीही सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने खायची. खानावळवालीचं हे असंच असतं, म्हणून कोणाला खटकलंही नाही.

उपचार म्हणजे एक गोळी आणि बोलणं. शिवाय एक्स्पोजर, म्हणजे ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करून पाहायचं. आधी एकटीने बसून चहा, मग पोहे. घशाखाली उतरायला लागल्यावर मी जामखेडची गाडी धरली.

विहीणबाईंनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"मंग बोलायचं हुतं की वो! मी आपली वरीसभर तुमाला शिव्या घालतीय."

"घाला. मी उठलेच होते."

"आता ऱ्हाऊ द्या. संपल्या समद्या." त्यांनी पाट ओढून भिंतीशी लावला. "हितं टेका. तुमच्या मागं आता फकस्त भित हाय. अन् तुझ्या सासूला समोरून वाढ गं!"

सुनेने समोरून वाढलं. पिठलं-भाकरी. अर्धी भाकरी खायला मला फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही. पुढच्या आठवड्यात सून घरी आली. विहीणबाईंचे हे उपकार मी विसरणार नाही.

राहिलं ते दुसरंच. माझे यजमान जेवायला बसताना रोज शेजारी माझा पाट मांडायचे. "बस की गं. भाकरी काय पळून जात न्हाई." मी म्हणायची, "तुम्ही उरका." बरीच वर्षं त्यांनी पाट मांडला, मग मांडायचं सोडून दिलं. मुलाच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी ते गेले. परवा नणंद सहज बोलून गेली, "दादा म्हणायचा, तिला माझ्याशेजारी बसायला आवडत न्हाई."

गोळी घशासाठी आहे. यावर काही नाही.

माझ्यासारखी कोणी हे वाचत असेल तर तिला एवढंच सांगते. तुमच्यासाठी कोणी पाट मांडत असेल आणि तुम्हाला बसवत नसेल, तर नका बसू. पण का बसवत नाही, ते त्या माणसाला सांगा. तो पाट मांडतोय तोवर सांगा.