लाईन आली का?

आमच्या जालन्यात लाईन म्हणजे वीज. लाईन गेली, लाईन आली, आज कोणत्या भागाची लाईन बंद आहे, हे शब्द दिवसभर तोंडात असतात. बाहेरगावचा माणूस गोंधळतो. त्याच्या लेखी लाईन टेलिफोनची असते, रेल्वेची असते, रेशनच्या दुकानासमोरची असते. आमच्याकडं नुसतं लाईन म्हटलं की पंखा आणि बल्ब. हे आधीच सांगून ठेवते, कारण या एका शब्दानं पुढं माझे तीन आठवडे खाल्ले.

त्या वर्षी घरात इंटरनेट घ्यायचं होतं. वाटा दोनच होत्या. एक टेलिफोनच्या तारेतून येणारं, दुसरं टीव्हीच्या केबलमधून येणारं. कोणतं घ्यायचं एवढाच प्रश्न, पण त्यानं माझा जीव नकोसा करून टाकला. मी अंबडच्या कोर्टात टायपिस्ट होते. सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी, आणि मधे दिवसभर लोकांच्या बांधांची भांडणं टाईप करायची. साहेब सांगत जात आणि मी टाईप करत जाई. तसं करताना माझे ओठ आपोआप हलायचे, ऐकलेला शब्द न् शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटल्याशिवाय तो बोटांत उतरतच नसे. ऑफिसातल्या बायका चिडवायच्या, म्हणायच्या, बाई पोथी वाचतेय. घरी येईपर्यंत त्या ओठांना कोणाशी एक वाक्य बोलायचंही त्राण उरत नसे.

घरात होते माझे वडील. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. मूळचे वाटूरजवळच्या खेड्यातले. शेती थोरल्या भावाच्या हाती सोडून ते जालन्याला आले आणि सळईच्या कारखान्यात लागले. तिथल्या आवाजात त्यांनी वीस वर्षं काढली आणि आपले कान तिथंच ठेवून घरी आले. कारखान्यात कोणाचं कोणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळे एकमेकांचे ओठ बघून काम करायचे. ती विद्या आबांना पुढं पुरली. समोर बसून सावकाश बोललं की त्यांना सगळं बरोबर कळे. अट एकच, बोलणं आपल्याकडचं पाहिजे. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईवर त्यांचा भारी राग होता. "ती व्हय म्हणती का न्हाई म्हणती, तोंडावरून काईच समजत न्हाई," असं ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे ओरडायचे, कारण कारखान्यातून सुटूनही त्यांचा आवाज कारखान्यातलाच राहिला होता. आणि संध्याकाळी लाईन गेली की मग काही इलाजच नसे. अंधारात ओठ दिसत नाहीत, आबा पुरते बहिरे होत, आणि साधं पाणी हवं का विचारायचं तरी मला गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागे.

माझी मुलगी चार वर्षांची असताना नवरा वारला आणि मी तिला घेऊन आबांकडं आले. तिची वेणी घालणं, तिला शाळेत सोडणं, तिच्याबरोबर पाढे म्हणणं, सगळं आबांनी केलं. मी फक्त नोकरी केली. ती इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथून कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. जाताना तिची स्कुटी आमच्या ओसरीत ठेवून गेली. दर शनिवारी सकाळी आबा ती स्कुटी सुरू करत. बंद राहिली तर इंजिन जाम होईल, पोरगी आल्यावर चालवणार काय, असं त्यांचं म्हणणं. किक मारून झाली की सीटवर तळहात टेकवून उभे राहत, कारण गाडी सुरू झाली की नाही हे त्यांना हातालाच कळायचं.

दोन वर्षं संपत आली तेव्हा उन्हाळ्यातल्या एका रविवारी तिचा मोबाईलवर फोन आला. म्हणाली, "आई, मी परत नाही येत. इथंच राहायचं ठरवलंय." मग म्हणाली, "आबांना तू सांगू नकोस. मीच सांगणार. पत्र लिहिलं तर ते घडी घालून उशीखाली ठेवतील आणि कधी काही विचारणार नाहीत. मला त्यांच्या तोंडासमोर सांगायचंय. घरी नेट घे ना, आई." तिची एवढीच मागणी होती. नेट कॅफेत, चार लोकांच्या देखत, पाठीमागं नंबर लावून उभ्या असलेल्या पोरांसमोर हे बोलणं व्हावं असं तिला वाटत नव्हतं, आणि ते मलाही पटलं. मी तिला शब्द दिला. कम्प्युटर एका ऑफिसातला जुना मिळाला, वर लावायच्या कॅमेऱ्यासकट. राहिलं ते नेट.

आधी आला केबलवाला. मोटारसायकलवर, खांद्यावर वायरचं भेंडोळं. "ताई, बिलकुल टेन्शन घेऊ नका. आपलं घरचं काम हाय. बिघडलं की फोन लावा, पाच मिनटात हजर." तो खरंच हजर होणारा माणूस होता, पण त्याच्या तारेची पेटी रस्त्यापलीकडच्या खांबावर होती आणि पलीकडच्या भागाचं लोडशेडिंग वेगळं होतं. आमची लाईन सकाळी जायची, त्यांची दुपारी. म्हणजे आमच्या घरात वीज असली तरी त्यांच्या खांबावर नसली की नेट बंद. दोन्हीकडं एकदम वीज असण्याचा काळ रोज किती, याचं गणित मी एसटीत बसून करत असे आणि दर वेळी गणित मंठा चौफुलीला येता येता चुकायचं.

मग टेलिफोनचा लाईनमन आला. वयस्कर, सायकलवर. त्यानं चहा घेतला आणि शांतपणे समजावलं. "ताई, केबलचं नेट म्हंजे आपला नळ. येकच पाईप, सगळी गल्ली त्याच्यावर. सगळ्यांनी संगं तोटी सोडली की शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. आमची तार तुमच्या येकट्याच्या घराची. हळू चालंल, पर तुमचीच." आमचं घर गल्लीतलं शेवटचं. नळाच्या करंगळीएवढ्या धारेखाली हंडा भरण्यात माझी उमर गेली होती, त्यामुळं हे मला एकदम पटलं.

समोरचे शेठजी बियाण्यांचे व्यापारी, त्यांचं घराणं फार वर्षांपूर्वी राजस्थानातून आलेलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाई, दोन्ही घ्या. एक बंद पडलं की दुसरं." श्रीमंत माणसाचा सल्ला ऐकायला नेहमीच छान वाटतो.

खरं सांगू का, मला घाई नव्हती. एक दिवस केबल बरी वाटायची, दुसऱ्या दिवशी टेलिफोन. मुलगी विचारायची, काय झालं? मी म्हणायची, चौकशी चालू आहे. शनिवारी ओसरीत स्कुटीचा आवाज आला की मी स्वयंपाकघरात भांडी जास्तच वाजवत बसे. जोवर नेट नव्हतं तोवर आबांची नात परत येणार होती. पण आबा समोर बसून, माझ्या तोंडाकडं बघत विचारायचे, "कधी येऊन राह्यली ती?" आणि मला ओठ हलू न देता मान फिरवावी लागे. घरात खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड आबांच्या डोळ्यांसमोर कधीच झाकलेलं नसे. त्या दिवसांत मी इतकी थकले की एसटीत उभ्या उभ्या झोपायला शिकले.

शेवटी टेलिफोनचं घेतलं. नेटचा डबा आला, त्यावर चार दिवे लागले, एका बुधवारी दहा मिनिटं नेट चाललंसुद्धा. गुरुवारी रस्ता खोदणाऱ्यांनी तार तोडली. फोन मुका, नेट बंद. मी तक्रार नोंदवली. तीन-चार दिवसांनी मोबाईलवर कुणा मुलाचा फोन आला, बोलणं पुण्याकडचं. "मॅडम, लाईन आली का तुमची?"

मी म्हटलं, "आली की. आत्ताच आली, अर्धा तास झाला."

"ओके मॅडम, थँक्यू," म्हणून त्यानं ठेवला. मला वाटलं, किती व्यवस्थित लोक आहेत. वीज असल्याशिवाय माणूस येऊन करणार काय, म्हणून आधी विचारून घेतात. मी वाट बघत बसले. कोणी आलं नाही. पुन्हा तक्रार केली. पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, आणि डोक्यावर पंखा फिरत असल्यामुळं मी पुन्हा आनंदानं सांगितलं, हो, आहे लाईन. असं तीनदा झालं. तिसऱ्या आठवड्यात तो सायकलवाला लाईनमन बसस्टँडवर भेटला. मी त्याला तिथंच धरलं. तो म्हणाला, "ताई, तुमची तक्रार तर तीनदा मिटली. गिऱ्हाईकच म्हनतंय लाईन आली, मंग आम्हाला कोण धाडंल?"

कळायला मला थोडा वेळ लागला. मग मी बसस्टँडच्या बाकावर बसून हसले आणि हसता हसता रडायला आलं. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द काटेकोर टाईप करणारी बाई, आणि स्वतःचा एक शब्द धड सांगता आला नाही. लाईनमन बिचारा घाबरला आणि उद्याच येतो म्हणाला. पण माझ्यात आता उद्याची वाट बघायचं बळ नव्हतं. तिथूनच केबलवाल्याला फोन लावला. तो पाच मिनिटांत नाही, पण त्याच संध्याकाळी आला.

रविवारी चार वाजता दोन्ही भागांत वीज असायची. आबांनी सकाळीच दाढी करून घेतली होती. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि पडद्याच्या इतके जवळ जाऊन बसले की मला खुर्ची मागं ओढावी लागली. मी त्यांच्या शेजारी बसले. मुलगी दिसली. आबा ओरडले, "केस कापले का गं!" गल्लीला कळलं. ती हसली आणि ओठ चांगले उघडून म्हणाली, "आबा, जेवले का?" आबांना बरोबर कळलं. "जेवलो! भाकर आन् शेंगदाण्याची चटणी!" दोन-चार मिनिटं असं छान चाललं. माझ्या मनात आलं, एवढ्यासाठी केलेला सगळा त्रास सार्थकी लागला.

मग ती म्हणाली, "आबा, येक सांगायचंय," आणि चित्र थांबलं. रविवारची दुपार, सगळ्यांच्या घरी वीज, सगळ्या गल्लीनं तोट्या सोडलेल्या. पडद्यावर ती डोळे अर्धे मिटून, हसरी, तशीच राहिली. आवाज मात्र स्वच्छ येत होता. "आबा, मी परत येणार न्हाई. मला हितंच राहायचंय. तुम्ही रागावू नका."

पुण्यात आणि तिकडं राहून तिच्या तोंडचा न्हाई केव्हाच गेला होता. आबांना ओठांवर वाचता यावा म्हणून तिनं तो मुद्दाम परत आणला होता, घोकून ठेवला असेल. आणि तो फक्त मला ऐकू आला.

मी गप्प बसले होते. निदान मला तसं वाटत होतं. शेजारी बघितलं तर आबा पडद्याकडं बघत नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. तेव्हा मला जाणवलं की माझे ओठ हलत होते. कोर्टात हलतात तसे, ऐकलेल्या शब्दाबरोबर, शब्द न् शब्द.

"आई? आबा काय म्हणतायत?" आतून आवाज आला. "लाईन गेली का?"

"आहे," मी म्हटलं. "लाईन आहे."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते बोलले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खोलीच्या बाहेर गेला नाही.

"तुला कधीपास्नं ठाऊक हाय?"

"उन्हाळ्यापासून," मी त्यांच्याकडं तोंड करून सांगितलं.

"इतके दिस येकटीच घेऊन बसली व्हय, माय?"

त्यांनी पडद्यावरच्या त्या थांबलेल्या तोंडाकडं बघून मान हलवली, बरं म्हणताना हलवतात तशी. ती तिला दिसली की नाही, कोण जाणे.

पुढच्या शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात भांडी न वाजवता उभी राहिले. वीज होती, दूधवाला येऊन गेला, एसटीची वेळ झाली. ओसरीतून स्कुटीचा आवाज आला नाही.