धुराड्याची सावली

भोरमध्ये दुकानाची पाटी रंगवायची तर झुल्फिकार पेंटरनंच. शुक्रवारी मात्र हा माणूस ब्रश घेऊन घराच्या गच्चीवर बसे आणि समोरच्या बंद तेलगिरणीचं विटांचं धुराडं पत्र्यावर रंगवे. पहाटे ते गुलाबी, दुपारी पांढुरकं, संध्याकाळी गुळासारखं. रंग हुबेहूब उतरत, घोटाळा व्हायचा सावलीचा. पाटीवरच्या अक्षरांना उजवीकडे सावली द्यायची हातांना तीस वर्षांची सवय. त्यामुळे सकाळच्या धुराड्याची सावलीही उजवीकडे, म्हणजे थेट सूर्याच्या अंगावर पडायची!

"तुमचा सूर्य उगवतो तरी कुठं वो?" त्यांच्या बेगम, साबिराभाभी विचारायच्या.

शहाण्णव साली धुराडं पाडायचं ठरलं. हाताशी उरली एकच सकाळ. झुल्फिकारभाई नमाज आटोपून गच्चीवर बसले. धुराडं गुलाबी झालं, त्याची लांबलचक सावली डावीकडे कौलांवर निवांत पहुडली. ब्रश मात्र पुन्हा उजवीकडेच वळला. भाईंनी तो रंग पुसून काढला.

"हात ऐकंना गं," भाई रडवेले झाले.

भाभींनी चहाचा कप खाली ठेवला आणि पत्राच उलटा फिरवला. "द्या आता उजवीकडं."

जमीन वर, आभाळ खाली, मधे गुलाबी धुराडं झोपेत लोंबकळल्यासारखं. भाईंचा हात खुशीत उजवीकडे सरकत गेला. पत्रा सुलटा केला, तर सावली डावीकडे, कौलांवर!

दोघं बघतच राहिली. खाली मजुरांचा टेम्पो येऊन थांबला.

"पाडू द्या आता," भाई म्हणाले आणि पत्र्यावरचं धुराडं कुरवाळायला पुढं झाले.

"हां हां! ओलं हाय ते," भाभींनी मनगट धरलं.