काचेला नावं ठेवणारे मामाजी

दुर्बिणीच्या बाबतीत डोळे मिटून विश्वास ठेवावा असा अख्ख्या रायपुरात एकच माणूस आहे, तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. आणि एकाही दुर्बिणीवर विश्वास न ठेवणारा माणूसही तोच. मामाजी बूढापाऱ्यात, तलावाकाठी राहतात. पूर्वज भोसल्यांच्या काळात तलवारीसकट इकडे आले. ती तलवार कुठे गेली कुणास ठाऊक, पण नेमाची खोड तेवढी रक्तात उरली. वडिलांची परवान्याची रायफल मामाजींकडे आली आणि तरुणपणी नुसत्या डोळ्यांनी नेम धरून त्यांनी क्लबातली बक्षिसं घरी आणली. अजूनही दर हिवाळ्यात क्लबात जुन्या सभासदांची स्पर्धा होते आणि तिथे रायफलीवर दुर्बीण लावायला परवानगी असते, कारण या वयात नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी आणि समोरचं निशाण दोन्ही एकदम दिसत नाहीत. या स्पर्धेसाठी मामाजी दुर्बीण शोधत होते. शोधत होते म्हणजे, स्पर्धा येत होती, जात होती, आणि मामाजी शोधतच होते.

"दुर्बीण दूरचं दाखवते हे शेंबडं पोट्टंही सांगन," ते म्हणायचे. "भरोशाची आहे का नाही, थे पाहा!" हे पाहण्याची त्यांची रीत अशी, की दुकानातून आणलेली दुर्बीण तांदळाच्या पोत्यावर घट्ट बसवायची आणि तिच्यातली नेमाची फुली समोरच्या कॅलेंडरातल्या एकादशीवर धरायची. मग दुर्बिणीवरच्या फिरक्या टकटक फिरवत फुली वर न्यायची, उजवीकडे, खाली, डावीकडे. फेरी पुरी झाल्यावर ती पुन्हा एकादशीवरच आली पाहिजे. एकीची फुली द्वादशीच्या कडेला टेकली, तर ती दुर्बीण त्याच संध्याकाळी परत गेली. "माणसाचंही असंच आहे, जावई," ते मला म्हणाले. "कुठं कुठं फिरला, त्याचं काही नाही. परत जागेवर आला पायजे."

पुढची परीक्षा पाण्याची. कोमट पाण्याच्या बादलीत दुर्बीण बुडवून मामाजी पाटावर बसायचे आणि बुडबुडे येतात का हे एखाद्या बगळ्याच्या चिकाटीने बघत राहायचे. त्यातून वाचली तर ती टॉवेलात गुंडाळून फ्रीजरमध्ये जायची, आत धुकं धरतं का हे पाहायला. एकदा मामींनी मटार म्हणून तीच बाहेर काढली आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "आता याची भाजी करू का तुमच्यासाठी?" दुकानदार भला माणूस, परत आलेली दुर्बीण पुसून पुन्हा कपाटात ठेवायचा. एकदा मात्र माझ्यासमोरच म्हणाला, "मामाजी, इतना ठोक-बजाके तो लोग दामाद नहीं लेते." मामाजींनी माझ्याकडे एक नजर टाकली. "हव भैया," ते म्हणाले, "वहीं तो गलती हो गई हमसे."

शेवटची परीक्षा काचेची. दिवस कलला की गॅलरीत उभं राहायचं आणि तलावापलीकडच्या चहावाल्याची पाटी वाचायची. उतरत्या उजेडात जी अक्षर दाखवते तीच खरी काच, हे त्यांचं मत आणि ते बरोबरच आहे. पण गेली काही वर्षं या परीक्षेत एकही दुर्बीण पास होईना. कुणाला कडेला काळोख, कुणाला मधेच धूर. "आजकाल काचच खराब करून राहिले लोक," मामाजी चिडून सांगायचे. क्लबातले जुने मित्र हसू लागले, की म्हातारा हरायला घाबरतो. हे बोलणं त्यांना लागलं. या वर्षी उतरलो नाही तर क्लबचं तोंड पाहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि खरंच एक दुर्बीण ठेवून घेतली. ती दसऱ्याच्या मुहूर्तावर रायफलीवर बसवायची ठरली.

आदल्या दिवशी खंडेनवमी. या घरात त्या दिवशी रायफलीपासून शिलाई मशीनपर्यंत आणि स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. पाटावर रिकामी रायफल होती, शेजारी नवी दुर्बीण उभी. मामींनी सगळ्यांना ओलं गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि कपाळ समजून दुर्बिणीच्या वरच्या काचेलाही भरघोस थापलं. अक्षतासुद्धा चिकटल्या. काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस आता काय करणार? मामाजींनी नमस्कार केला, दुर्बीण उचलली, गॅलरीत गेले आणि उजव्या डोळ्याला लावली.

"वा!" ते म्हणाले. "याले म्हणतात काच. सारं साफ दिसून राहिलं. गाड़ी यहाँ खड़ी न करें!"

चहावाल्याची पाटी त्यांनी पाठ म्हटली होती. मामींनी जवळ जाऊन हळूच दुर्बीण काढून घेतली आणि पदराने काच पुसत विचारलं, "अहो, कवापासून?"

मामाजी कठड्याला धरून उभे राहिले. "अवं, डोळ्याचं सांगितलं असतं तर तू रायफल जमा करायले लावली असती," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची नस वाळली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही. डावाही त्याच वाटेवर होता, पण तो औषधाच्या थेंबांनी टिकेल, वेळेवर आणलंत, असं ते म्हणाले. रिक्षात मामाजी म्हणाले, "जावई, त्या साऱ्या दुर्बिणी चांगल्याच होत्या हो बिचाऱ्या. उगाच नावं ठेवली." दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात जाऊन दुकानदाराला तसं सांगून आले.

रायफल आणि परवाना दोन्ही त्यांनी आपणहून जमा केले. दुर्बीण मात्र घरी आहे. तिच्या कडेच्या खाचेत अजून थोडं कुंकू आहे, आणि मामाजी ते कुणाला काढू देत नाहीत. मामी रोज संध्याकाळी तलावापलीकडच्या देवळात जातात, तेव्हा मामाजी गॅलरीत बसून दुर्बीण डाव्या डोळ्याला लावतात. परवा मी शेजारी होतो. मामी पलीकडून निघाल्या, भाजीवालीपाशी थांबल्या, कुणाशी तरी बोलल्या, वळण घेऊन आमच्या गल्लीत शिरल्या. फाटक वाजलं तशी मामाजींनी दुर्बीण खाली घेतली आणि डोळे पुसले.

"आली," ते म्हणाले. "परत जागेवर आली."