मल्चिंग पेपरवरचं आभाळ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. घरात नातीचा विषय निघाला की मी मोटर बघायच्या निमित्ताने उठून जायचो. आता गुडघे तेवढी साथ देत नाहीत, म्हणून बसून लिहितो आहे.

नात म्हणजे मुलीची मुलगी. सात वर्षांची असताना ती मे महिन्यात पुण्याहून पिंपळवंडीला आमच्याकडे आली होती. टोमॅटोची लागवड तोंडावर होती. सकाळपासून बायका मातीच्या उंच बेडवर मल्चिंग पेपर अंथरून कडांवर माती ओढत होत्या. हा चंदेरी प्लास्टिकचा कागद फाटला की भोकातून गवत वर येतं. त्यात वारा तो सारखा उचलत होता. मी वैतागलेलोच होतो.

नात बेडशेजारी उकिडवी बसून म्हणाली, "आबा, इथं खाली ढग चाललाय."

"कडेला हो."

"एकदाच बघा ना. बगळा पण उलटा उडतोय."

मी पाहिलं नाही. ढगामागे सरकत ती थेट बेडवर चढली आणि तिच्या टाचांनी कागद फाटला. मी तिला दंडाला धरून ओढलं, पाठीत धपाटा घातला. वर सगळ्यांदेखत म्हणालो, "आईनं हेच शिकवलं का तुला?"

एक बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की भाऊ, लेकरू हाय. भोकावर ढेकूळ ठेवलं की झालं. कागदापेक्षा तुमीच लई ताणलाय."

बायका हसल्या. मी आणखीच भडकलो. नात रडली नाही. उरलेली सुट्टी तिने टीव्हीसमोर काढली. शेतात चल म्हटलं की म्हणायची, "नको, मी काहीतरी फाडीन."

ती गेल्यावर रोपं लावायला वाकलो, तर कागदात ढग. सुरकुतीपाशी मोडायचा, पुढे पुन्हा जुळायचा. आनंद वगैरे काही झाला नाही, चीड आली. जन्म या वावरात गेला आणि एवढंसं बघायला ती पोर लागली, तिलाच मी हाकललं. मुलाला दाखवायला गेलो तर म्हणाला, "आबा, टोपी घाला. ऊन लागलंय तुम्हाला."

आता असलं काहीबाही नको तिथे दिसत राहतं. मंचरच्या बाजारात गोण्यांवरून उडणारी कांद्याची गुलाबी सालं, ठिबकच्या नळीला लटकलेला थेंब. सांगायचं कुणाला?

यंदा दिवाळीला ती आली. कॉलेजात आहे. बांधावर मोबाइल बघत उभी होती, समोर काकडीसाठी नवा कागद अंथरलेला. मी जवळ गेलो. त्या दिवशी मी चुकलो, तू बोलावलंस तेव्हा मी बघायला हवं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "कागदावर पाय पडेल. मागे हो."

"हो आबा," ती म्हणाली आणि मागे झाली.