कपाळावरचा रुपया

आमच्या कलावंत मंडळात कलावंत थोडे आणि पदाधिकारी फार. पण छापचित्रांची प्रेस हिंगोलीत दुसरीकडे कुठं नव्हती, म्हणून मी तिथं मुकाट काम करायची. प्रेस सगळ्यांची सामायिक. शेजारच्या हॉलमध्ये नवं कलादालन उघडायचं होतं आणि मधोमध लावायला माझं चित्र ठरलं होतं.

चित्र आईचं. ती डोंगरकड्याकडे मेंढरं राखते. घरात तिचा धड एक फोटो नाही. आधारकार्डावरचा पाहून तिचं तिलाच हसू येतं. मी लाकडावर तिचा चेहरा कोरायला घेतला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “मला वळखू येईन का?” त्या एका प्रश्नापायी मी पावसाळाभर कोरत बसले. कपाळावरच्या आठ्यांनी तर जीव काढला.

ठसा तयार झाला तोवर दसरा आला. पहिला छाप पूजेनंतरच काढायचा, असं अध्यक्षांनी फर्मावलं. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. प्रेसला हात लावायचे तो दसऱ्यालाच. प्रेसला झेंडूचा हार घातला, तिच्यावर माझा ठसा ठेवला, ठशावर सुपारी आणि रुपया. मी म्हटलं, आता हे उचलू द्या. ते म्हणाले, आधी फोटो. आणि फोटोसाठी म्हणून या माणसानं खरंच चाक फिरवलं. सुपारी घरंगळली. रुपया लोखंडी रुळाखाली गेला आणि आईच्या कपाळात रुतला.

उकरून काढला, पण खड्डा राहिला. तिथं शाई लागेना. छाप काढून पाहिला तर बराबर कपाळाच्या मध्यावर पांढरा गोल. मी सांगितलं, हे लावू नका, नवीन कोरते. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, उलट आता चित्राला अर्थ आला. शाईचा डबा त्यांच्या डोक्यावर उपडा करावा असं वाटलं मला. छाप त्यांनी काचेत लावून टाकला होता.

उद्घाटनाला पाहुणे त्या पांढऱ्या गोलावर बराच वेळ बोलले. ग्रामीण स्त्रीची वेदना, असं काहीबाही. टाळ्या पडल्या. येऊ नको म्हणून मी आईला निरोप धाडला होता, तरी ठेवणीतलं लुगडं नेसून, वारंगा फाट्याला गाडी बदलून ती आलीच. चित्रासमोर उभी राहिली. आपणच आहोत हे तिनं लगेच ओळखलं, आणि क्षणभर तिचा चेहरा फुलला. मग तिची नजर कपाळावर गेली.

“पोरी, रुपया मेलेल्या माणसाला चिटकवतेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “मला जित्तेपणीच काहून लावला?”

मी तोंड उघडणार तोच अध्यक्षांची हाक आली. आईला चित्राशेजारी उभी करा, पाहुण्यांसोबत फोटो घ्यायचाय.

आईनं पदर पार भुवयांपर्यंत ओढला आणि जाऊन उभी राहिली.