रिकाम्या हातानं चालणारी अयोध्या

त्या उन्हाळ्यात उदगिरात एकच बातमी गरम होती : हनुमंतरावांची बायको अयोध्या रोज पाच वाजता स्टेशनवर कुणाला तरी भेटायला जाते. कुणी म्हणे लातूरचा आहे, कुणी म्हणे बिदरचा. शेजारच्या गुरम्मानं तर त्याला मिशीसुद्धा लावून दिली होती.

अयोध्या चव्वेचाळीस वर्षांची, वजन अठ्ठ्याऐंशी किलो. गावाकडं बारा एकर, शेतात गडी, घरात धुण्याभांड्याला बाई. 'आमच्या सुनेला पाऊल उचलावं लागत नाही' हे सासू नागाबाई मोठ्या तोऱ्यात सांगायची. वीस वर्षं त्या तोऱ्यापायी सून बसून राहिली.

फाल्गुनात डॉक्टर म्हणाले, साखर उंबरठ्यावर आलीय. तीन महिने रोज घाम निघेस्तोवर चाला, पायऱ्या चढा, नाहीतर गोळ्या सुरू. साखरेपायी अयोध्येच्या आईचा पाय गुडघ्याखाली कापला होता. त्या पायाचं ड्रेसिंग लेकीनंच केलेलं.

आता गावाची रीत अशी, की चांगल्या घरची बाई रस्त्याला लागली तर हातात काहीतरी पाहिजे. पिशवी, डबा, निदान पूजेचं ताट. रिकाम्या हाताची बाई कुठं चालली, ते मग गावच ठरवतं. म्हणून नागाबाईनं ताट पुढं केलं.

"घे. म्हादेवाला चालली म्हणतील."

"देवाला कशाला खोट्यात ओढता, आत्याबाई? मी माझ्या पायासाठी चालणार हाय."

"लोक काय म्हणतील?"

"लई म्हणून झालंय त्यांचं. पाय कापल्यावर ढकलगाडी ढकलायला येणार हायत का?"

हनुमंतराव पेपरात आणखी खोल शिरले. अयोध्या दोन्ही हात हलवत निघाली.

एके दिवशी गुरम्मा मागोमाग गेली आणि फलाटावरच्या बाकावर दबा धरून बसली. गाडी आली, गेली. मिशीवाला काही उतरला नाही. अयोध्या आपली पुलाच्या पायऱ्या चढतेय, उतरतेय, पुन्हा चढतेय. शेवटी गुरम्माला राहवेना.

"अयोध्ये, तो हाय तरी कुठं?"

"वर हाय. ये अक्का, दावते."

गुरम्मा हुरूपानं निघाली आणि अकराव्या पायरीला कठडा धरून बसली.

"अव्वा गं! मेले!"

"अजून एकवीस हायत," वरून आवाज आला.

ज्येष्ठात तपासणी झाली. वजन दीड किलो उतरलेलं. गुरम्माला आयतं सापडलं. "तीन महिने हिंडली अन् दीडच किलो? चार उपास केले असते तरी तेवढं गेलं असतं!"

अयोध्येनं कागद सासूच्या मांडीवर ठेवला. उपाशीपोटीची साखर एकशे अठरावरून सत्त्याण्णववर. डॉक्टर म्हणाले होते, काटा हलला नाही तरी रक्त सुधारतं; गोळ्या नकोत, पण चालणं सोडलं की साखर परत येईल.

"वजन गुरम्माक्काला दिसतंय, आत्याबाई. रगत माझं हाय. मी थांबणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाचला नागाबाईनं ताट फळीवर टाकलं आणि सुनेच्या चपला उंबऱ्याशी सरळ करून ठेवल्या.

अयोध्या स्टेशनवर कुणाला भेटत नव्हती. तिथं चढायला बत्तीस पायऱ्या होत्या.